कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचा व्यायाम

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या अत्यवस्थ रुग्णाकडून श्वासनलिकेतील नळी कायम असतानाच टप्प्याटप्प्याने करवून घेतलेल्या हालचाली, म्हणजे हा व्यायाम. तो ऐच्छिक सोपस्कार नसून उपचाराचाच भाग आहे.

गंभीर आजारात स्नायू फार वेगाने झिजतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे त्याची जाडी, दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेली आढळली. श्वासाचे काम यंत्राकडे गेल्यामुळे श्वासपटलही (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू) दुबळे होते आणि मग व्हेंटिलेटर काढणे लांबते.

या व्यायामाची खरी सुरुवात गुंगीची औषधे कमी करण्यापासून होते, कारण डोळे उघडून सूचना पाळणारा रुग्णच स्वतः हातपाय हलवू शकतो. बेशुद्ध रुग्णाचे सांधे तोवर भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) हलवत राहतात. पुढे खाटेवरची सायकल, मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसणे, उभे राहणे आणि जमल्यास चार पावले. कडेला बसवणे वाचायला साधे वाटते, पण त्या वेळी एक जण फक्त नळी धरून असतो, दुसरा पाठीला आधार देतो, तिसऱ्याची नजर मॉनिटरवर असते आणि सलाइनच्या नळ्या आधीच मोकळ्या करून ठेवाव्या लागतात. व्हेंटिलेटरमधून दिल्या जाणाऱ्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त लागत असेल, रक्तदाब औषधांनीही सावरत नसेल किंवा हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित असतील, तर सहसा खाटेबाहेरची हालचाल पुढे ढकलतात.

अमेरिकेत २००९ साली १०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, लवकर व्यायाम मिळालेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून सुटताना आपली दैनंदिन कामे स्वतः करू शकत होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. मात्र २०२२ मध्ये ७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नेहमीच्या हालचालींपेक्षा जास्त व्यायाम देऊनही सहा महिन्यांत रुग्णालयाबाहेर जिवंत काढलेले दिवस वाढले नाहीत, उलट हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब किंवा ऑक्सिजन घसरणे असे प्रकार अधिक घडले. यावरून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही, कारण तुलनेतील दुसऱ्या गटालाही खाटेवर निजवून ठेवलेले नव्हते. प्रश्न मात्रेचा आहे, आणि ती रोज सकाळी त्या रुग्णाची त्या दिवशीची अवस्था पाहून ठरवावी लागते.