माथ्यावरचं नाव आणि मात्सुमोतोचे कारखाने

जुना जपानी बेस, म्हणजे बेस गिटार, हाती आला की माणूस आधी माथ्यावरचं, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागावरचं, नाव वाचतो. ग्रेको, आयबानेझ, एरिया, युनिव्हॉक्स, इलेक्ट्रा, टायस्को. बहुतेकदा चूक तिथेच होते. ते नाव लाकूड तासणाऱ्याचं नसतं, माल मागवून विकणाऱ्याचं असतं. एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात निघालेले दोन बेस दोन नावांनी दोन देशांत विकले गेले. उलट एकच नाव वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारखान्यांच्या मालावर लागलं. त्यामुळे 'हा बेस कुणाचा' आणि 'हा बेस कुणी बनवला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर शोधायचं तर जपानचा वाद्यधंदा कसा उभा राहिला ते आधी पाहावं लागतं.

जपानमध्ये इलेक्ट्रिक गिटारचं काम युद्धाआधीच सुरू झालं होतं. पुढे ग्वायाटोन या नावाने ओळखली गेलेली तोक्योची मंडळी १९३० च्या दशकात हवाईयन इलेक्ट्रिक गिटार करत होती. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये टायस्को सुरू झाली. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला आणि १९६० मध्ये जॅझ बेस. हे दोन घाट जगभर पसरले, तसे जपानी कारखानेही बेसकडे वळले.

खरी लाट आली ती १९६५ च्या सुमाराला. व्हेंचर्स या अमेरिकन बँडने जपानचा दौरा केला आणि पोरं वेडी झाली. या वेडाला जपानीत 'एलेकी' म्हणत, इलेक्ट्रिकचं लाडकं रूप. ते इतकं वाढलं की तोचिगी प्रांतातल्या अशिकागा गावच्या शिक्षण मंडळाने विद्यार्थ्यांना एलेकी गिटार घ्यायलाच मनाई केली. पुढच्याच वर्षी बीटल्स तोक्योच्या बुदोकानमध्ये वाजवून गेले. अमेरिकेत १९६४ पासूनच घरोघरी बँड निघत होते आणि तिथल्या घाऊक व्यापाऱ्यांना स्वस्त माल हवा होता. बीटल्सचे बेसवादक मॅकार्टनी यांच्या हातातला व्हायोलिनच्या आकाराचा जर्मन हॉफ्नर बेस सगळ्यांना हवा होता, पण तो परवडणारे थोडे. जपानी कारखान्यांनी तसल्या आकाराचे बेस भरभरून बनवले, आणि अमेरिकन व्यापाऱ्याने सांगितलेलं नाव त्यांच्या माथ्यावर लावून पाठवले. नावांची गुंतागुंत सुरू होते ती इथून. एकच माल टायस्को डेल रे म्हणूनही गेला आणि किंग्स्टन म्हणूनही.

ही लाट टिकली नाही. दशक संपता संपता मागणी कोसळली आणि कितीतरी छोटे कारखाने बंद पडले. १९६७ मध्ये टायस्को हामामात्सुच्या कावाईने विकत घेतली. त्या काळातल्या बेसवर सीरियल नंबर बहुधा नसतोच. मान बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे नेक प्लेटवर, इंग्रजीत कोरलेलं असतं, 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान', आणि लोक तो पुरावा मानतात. पण तसल्या प्लेट अनेक कारखान्यांच्या मालावर सापडतात. त्या प्लेटवरून मानेत लोखंडी पट्टी घातली आहे एवढं कळतं, कारखाना कळत नाही.

आता मात्सुमोतो. नागानो प्रांतात, जपानी आल्प्सच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचं हे गाव. हवा कोरडी, जवळ जंगलं, आणि लाकडी सामानाची जुनी परंपरा. ओल्या हवेत मान वाकते, सांधा सुटतो. इथे ती भीती कमी. इथेच १९५१ मध्ये मात्सुमोकु ही कंपनी निघाली. मूळ धंदा लाकूडकामाचा, आणि त्यातलं मोठं काम म्हणजे सिंगर शिलाई मशीनची लाकडी पेटी. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो. शिलाई मशीनची पेटी करणाऱ्या हातांना वेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, चिकटवणं, यंत्राने खाचा पाडणं, हजारो नग एकसारखे काढणं हे सगळं ठाऊक होतं. गिटारच्या बॉडीला हेच लागतं. १९६० मध्ये त्याच गावात युइचिरो योकोउची आणि युताका मिमुरा यांनी फुजिगेन गाक्की सुरू केली.

या नावांतच धंद्याची वाटणी दडलेली आहे. 'गाक्की' म्हणजे वाद्य, 'मोकु' म्हणजे लाकूड, फुजिगेनमधलं 'गेन' म्हणजे तार, आणि 'शोकाई' म्हणजे व्यापारी पेढी. तोक्योची कांदा शोकाई ही पेढी; ग्रेको हे तिचं नाव. नागोयाची होशिनो गाक्की १९०८ मध्ये पुस्तकांच्या दुकानाचा वाद्यविभाग म्हणून सुरू झाली. तिने १९२९ पासून स्पेनच्या साल्वादोर इबान्येझ यांच्या गिटार मागवल्या आणि पुढे तेच नाव आपल्या मालाला घेतलं. नागोयाचेच शिरो आराई यांनी आपल्या आडनावाची अक्षरं फिरवून 'एरिया' केलं. पेढीने घाट ठरवायचा, बाजार बघायचा, जाहिरात करायची. लाकूड कापायचं फुजिगेनने किंवा मात्सुमोकुने. तारांचा कंप विजेत बदलणारे पिकअप तिसऱ्याकडून, खुंट्या आणि ब्रिज चौथ्याकडून. निश्शिन ओनपा, जिचं मॅक्सॉन हे नाव आपल्याकडच्या गिटारवाल्यांनाही ठाऊक आहे, तिचे पिकअप ग्रेकोतही सापडतात आणि आयबानेझमध्येही. सत्तरच्या दशकातला ग्रेको आणि आयबानेझ शेजारी ठेवले की सख्खे भाऊ दिसतात, कारण दोन्ही फुजिगेनचे. ग्रेको मुख्यतः जपानात राहिला, आयबानेझ परदेशी गेला.

हामामात्सुची तऱ्हा वेगळी. यामाहा आणि कावाई पियानोवाले, तोकाईही तिथलीच. यामाहाचा बेस म्हटलं की तो यामाहाच्याच छत्राखाली बनलेला, शोध तिथेच संपतो. १९७७ मध्ये आलेली बीबी मालिका याच घरची. तोकाई मात्र स्वतःच्या नावानेही बनवायची आणि दुसऱ्यांसाठीही, त्यामुळे तिथे पुन्हा सावध राहावं लागतं.

सत्तरचं दशक हे नकलेचं दशक. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांचा दर्जा घसरला अशी वादकांची तक्रार होती आणि जपानी नक्कल दरवर्षी सुधारत होती. सुरुवातीचे बेस प्लायवूडचे. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या घाटाचे असूनही मान मुळातल्यासारखी चिकटवलेली नसे, चार स्क्रूंनी बसवलेली असे. दशकाच्या शेवटी हेच कारखाने अख्ख्या लाकडाची बॉडी, नीट बसणारा सांधा आणि मुळाबरहुकूम गोलाई द्यायला लागले. ग्रेकोचं नाव माथ्यावर अशा वळणदार अक्षरांत लिहिलेलं असे की लांबून ते गिब्सन वाटावं. नीट वाचलं तर 'ग्नेको' दिसतं. तोकाईचे फेंडर घाटाचे बेस हार्ड पंचर आणि जॅझ साउंड या नावांनी आले, ग्रेकोचे मर्क्युरी बेस या नावाने.

यातूनच तो प्रसिद्ध खटला आला. गिब्सनची मालक नॉर्लिन हिने २८ जून १९७७ रोजी फिलाडेल्फियाच्या न्यायालयात एल्गर या कंपनीवर दावा लावला. एल्गर म्हणजे होशिनोची अमेरिकेतली शाखा. वाद होता माथ्याच्या वरच्या कडेचा, उघड्या पुस्तकासारख्या दिसणाऱ्या त्या आकाराचा. आयबानेझने तो आकार तोवर बदललाही होता. १९७८ च्या सुरुवातीला बाहेरच तडजोड झाली, निकाल लागलाच नाही. खटला एकच आणि एकाच नावाविरुद्ध. आज मात्र सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही जपानी नकलेला 'लॉसूट', म्हणजे खटल्यातला, म्हणून विकतात आणि भाव चढवतात. हे मला मनापासून खटकतं, कारण त्या शब्दाने बेसबद्दल काहीच कळत नाही. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: नॉर्लिनच्याच एपिफोन नावाचं उत्पादन त्या काळात जपानातच, मात्सुमोकुत चालू होतं.

मग ओळखायचं कसं? परवा एका मित्राचा बेस टेबलावर घेतला होता. जॅझ बेसचा घाट, माथ्यावर आयबानेझ. नेक प्लेटवर बी अक्षर आणि पुढे ७८ ने सुरू होणारा आकडा. १९७५ पासून आयबानेझच्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं असतं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. म्हणजे फेब्रुवारी १९७८. पण प्लेट चार स्क्रूंनी लागते आणि चार स्क्रूंनी निघते. कुणीही दुसऱ्या बेसची लावू शकतो. म्हणून तारा ढिल्या केल्या, स्क्रू काढले आणि मान हळूच उचलली. सांध्याच्या खाचेत रंग पोचला नव्हता, फिकट लाकडाचे उभे रेषे दिसत होते. म्हणजे प्लायवूड नाही. मानेच्या टाचेवर पेन्सिलीची एक तिरकी खूण होती, आणि शेजारी पुसट निळ्या शाईचा शिक्का, बोटाच्या पेराएवढा. मग पिकअप उलटे केले. तळाला काळ्या शाईत छापलेले बारीक आकडे, मॅक्सॉनच्या पद्धतीचे. आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटचं बटण ओढून काढलं तर दांड्याला १८ दाते. अमेरिकन पॉटला ते २४ असतात, म्हणून त्यांचं बटण यावर नीट बसत नाही. चार जागचे चार पुरावे एकच गोष्ट सांगत होते, आणि तेव्हाच आम्ही फुजिगेन म्हणायला धजलो.

एक पुरावा कधीच पुरत नाही, हे इथे पाठ करून ठेवण्यासारखं. माना अदलाबदल होतात, पिकअप बदलतात, माथे रंगवून नवी नावं लावतात. 'मेड इन जपान' ही खूण तर सगळ्यात फसवी. परदेशी जाणाऱ्या मालावर ती लागे, पण पुष्कळदा नुसत्या चिकटपट्टीवर. ती निघून गेली की संपलं. जपानातच विकलेल्या मालावर तिची गरजच नव्हती. लाकडात कोरलेल्या गोष्टी जास्त भरवशाच्या: खाचेचे कोपरे यंत्राने कसे वळवले आहेत, मान सरळ ठेवणारा आतला ट्रस रॉड कुठल्या टोकाला फिरतो, बॉडी किती तुकड्यांची आहे. अ‍ॅशच्या जागी जपानी कारखान्यांनी पुष्कळदा सेन हे लाकूड वापरलं. रेषे अ‍ॅशसारखेच, म्हणून पारदर्शक रंगाखाली ते चटकन ओळखू येत नाही.

धंद्याच्या करारांनीही काळ बांधता येतो. मार्च १९८२ मध्ये फेंडरने कांदा शोकाई आणि यामानो गाक्की यांच्याबरोबर फेंडर जपान काढली आणि काम फुजिगेनला दिलं. कांदा शोकाई आता खुद्द फेंडरची भागीदार झाली, मग तिने ग्रेको नावाने फेंडरची नक्कल काढणं शक्यच नव्हतं. म्हणून मर्क्युरी बेस कुणी १९८५ चा म्हणून दाखवला तर थांबून विचारावं. फेंडर जपानचे सुरुवातीचे बेस जेव्ही या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरांचे, १९८२ ते १९८४ मधले. युरोपात गेलेल्या पहिल्या काहींवर मोठं फेंडर आणि शेजारी बारीक अक्षरांत 'स्क्वायर सिरीज' असं आहे. १९९७ च्या सुमाराला काम फुजिगेनकडून दुसरीकडे गेलं आणि मानेवर 'मेड'च्या जागी 'क्राफ्टेड इन जपान' आलं. एका शब्दाच्या फरकातून कारखाना बदलल्याचं कळतं, असं उदाहरण विरळा.

मात्सुमोकुची गोष्ट अशी करारांत मावत नाही. या कारखान्याने एरियासाठी बनवलं, युनिव्हॉक्ससाठी, इलेक्ट्रासाठी, एपिफोनसाठी, आणि १९८० च्या दशकात वेस्टोन या स्वतःच्या नावानेही. त्यांच्या हातचा सर्वांत गाजलेला बेस म्हणजे एरिया प्रो टू एसबी-१०००. मान बॉडीच्या आरपार गेलेली, मेपल आणि अक्रोडाच्या पट्ट्या जोडून केलेली. मागून पाहिलं तर त्या पट्ट्या माथ्यापासून बुडापर्यंत सरळ धावतात. ड्युरान ड्युरानचे जॉन टेलर आणि मेटालिकाचे क्लिफ बर्टन, दोन टोकांच्या संगीतातली ही माणसं एसबी वाजवत होती. इथे नकलेचा प्रश्नच उरला नव्हता. हा घाट जपानचा स्वतःचा होता.

आणि नेमक्या याच वेळी पैशाचं गणित फिरलं. सप्टेंबर १९८५ मध्ये डॉलर स्वस्त करण्यासाठी बड्या देशांचा प्लाझा करार झाला. तेव्हा डॉलरला सुमारे २४० येन पडत, १९८७ संपताना ते १२० च्या आसपास आले. जपानी माल अमेरिकेत जवळपास दुप्पट महाग झाला आणि मधल्या किमतीचं काम कोरियाला गेलं. त्याच १९८७ मध्ये मात्सुमोकु बंद पडली. वेस्टोन नाव पुढे कोरियात बनलेल्या मालावर लागलं. म्हणून वेस्टोन विकत घेताना माथा वाचून भागत नाही. बेस उलटा करायचा, नंबर पाहायचा, आणि मालक हो म्हणाला तर ते चार स्क्रू काढायचे.