कोटा माणसाला की फोल्डरला?

टिळक रोडवरच्या एका आर्किटेक्ट मॅडमच्या ऑफिसातून मागे फोन आला होता. "अहो, सर्व्हरचा डी ड्राइव्ह परत भरलाय. प्रत्येकाला कोटा लावून टाका ना एकदाचा." मी "हो, लावतो" म्हटलं आणि गाडीला किक मारल्यावर लक्षात आलं, की कोणता कोटा ते मी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं म्हणा. कोटा म्हणजे जागेवर घातलेली मर्यादा. विंडोज सर्व्हरमध्ये याच नावाच्या दोन वेगळ्या सोयी आहेत, आणि त्यांची अदलाबदल मी मुरलेल्या सिस्टिम ॲडमिनकडूनही झालेली पाहिली आहे.

घरातला माळा डोळ्यासमोर आणा. त्यावर कुणी किती सामान टाकलंय हा एक हिशेब. माळ्यावर एकूण किती मावू द्यायचं हा दुसरा. पहिला हिशेब एनटीएफएसचा (ड्राइव्हवर फाईली मांडायची विंडोजची नेहमीची पद्धत) डिस्क कोटा ठेवतो. दुसरा ठेवतो फाईल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर, बोलीभाषेत एफएसआरएम.

डिस्क कोटा विंडोज 2000 पासून आहे. त्यासाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'कोटा' टॅब, झालं. त्या ड्राइव्हवर एका माणसाच्या मालकीच्या जेवढ्या फाईली असतील, मग त्या कुठल्याही फोल्डरमध्ये असोत, त्यांची बेरीज तो करतो. 'मालकीच्या' हा शब्द इथे फार महत्त्वाचा. फाईल कुणाच्या फोल्डरमध्ये आहे, ती रोज कोण उघडतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फाईलवर ओनर म्हणून कुणाचं नाव आहे तेवढंच तो बघतो.

यातून काय गंमत होते ते मी स्वतः भोगलंय. एका ठिकाणी जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्यावर नेताना मी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन केलं आणि सरळ कॉपी-पेस्ट मारलं. कॉपी करणारा तो मालक, या न्यायाने सगळ्या फाईली ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या नावावर चढल्या. सोमवारी कोट्याची यादी उघडली तर सगळ्या स्टाफचा वापर जवळजवळ शून्य! ॲडमिनिस्ट्रेटर्सना तर मर्यादा लागतच नाही, त्यामुळे आठवडाभर सगळे खूश होते. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या कमांडला मालकीसकट कॉपी करायला सांगता येतं, ते तेव्हा सांगायला हवं होतं.

दुसरी अडचण नोकरी सोडून जाणाऱ्यांची. माणूस गेला तरी त्याच्या फाईली त्याच्याच नावावर राहतात, आणि कोट्याच्या यादीतून त्याची नोंद काढायला गेलात तर विंडोज आधी त्या फाईलींचं काय ते ठरवा म्हणतं: डिलीट करा, दुसरीकडे हलवा, नाहीतर मालकी स्वतःकडे घ्या. कॉम्प्रेस करून ठेवलेली फाईलही इथे मूळ आकारानेच मोजली जाते, तेव्हा ती पळवाटसुद्धा बंद.

एफएसआरएम आला विंडोज सर्व्हर 2003 आर2 मध्ये. तो आपोआप मिळत नाही, टाकावा लागतो. सर्व्हर मॅनेजरमध्ये 'ॲड रोल्स अँड फीचर्स', मग 'फाईल अँड स्टोरेज सर्व्हिसेस', त्याच्या आत 'फाईल अँड आयस्कझी सर्व्हिसेस', आणि त्यात एफएसआरएमवर टिक. इथून गेलात तर विझार्ड मॅनेजमेंटची साधनंही जोडू का असं विचारतो. पॉवरशेलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, गेलात तर विचारत नाही. 'इन्क्लूड मॅनेजमेंट टूल्स' हा स्विच तुम्ही दिला नाही, तर नुसती सर्व्हिस येते. मग 'टूल्स' मेनूत कन्सोल, म्हणजे एफएसआरएम चालवायची खिडकी, शोधत बसायचं, सापडत नाही म्हणून सगळं काढून पुन्हा टाकायचं, असा उद्योग होतो. काढायची काही गरज नसते. फीचर्सच्या यादीत 'रिमोट सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशन टूल्स'च्या खाली फाईल सर्व्हिसेसच्या साधनांमध्ये एफएसआरएमचं साधन वेगळं दिसतं, तेवढं टिक करायचं. सर्व्हर कोअरवर (विंडोज सर्व्हरचा नुसत्या कमांडवर चालणारा प्रकार) तर खिडक्याच नाहीत, तिथे कन्सोल दुसऱ्या सर्व्हरवर ठेवून लांबूनच कारभार करावा लागतो, आणि त्यासाठी फायरवॉलमधले त्याचे नियम आधी उघडावे लागतात.

याचा कोटा फोल्डरला लागतो. फोल्डर आणि त्याच्या पोटातलं सगळं, कुणीही ठेवलेलं, एकत्र मोजायचं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सवलत नाही. मर्यादा हार्ड ठेवलीत तर ती गाठल्यावर लिहिणं थांबतं. सॉफ्ट ठेवलीत तर फक्त बोंब होते, काम चालू राहतं. 'ऑटो अप्लाय' लावलं की वरच्या फोल्डरमध्ये उद्या जो नवा फोल्डर होईल त्यालाही तोच कोटा आपोआप. ज्या ऑफिसात दर महिन्याला नवं प्रोजेक्ट येतं, तिथे एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा मी एफएसआरएम टाकेन.

85 टक्के भरलं की एक मेल, 95 ला दुसरा, असंही ठरवता येतं. पण मेलच्या सेटिंगमध्ये एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या, सर्व्हरचं नाव टाकायची जागा आहे, युजरनेम-पासवर्ड टाकायची नाही. त्यामुळे पासवर्ड मागणाऱ्या मेल सर्व्हरकडे तो थेट मेल पाठवू शकत नाही, मध्ये रिले, म्हणजे मेल घेऊन पुढे धाडणारा सर्व्हर, उभा करावा लागतो. लहान ऑफिसात हे लफडं नको असेल तर इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, नोंद करायला सांगायचं.

शिवाय एफएसआरएममध्ये फाईल स्क्रीनिंग आहे. गाणी-सिनेमे सर्व्हरवर ठेवायला बंदी वगैरे. ते फक्त फाईलचं नाव आणि त्याचं शेपूट (एक्स्टेन्शन) बघतं, आत काय आहे ते नाही. एमपी3चं शेपूट बदलून टीएक्सटी केलं की गाणं आत. पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

दोन्ही कोटे एकाच ड्राइव्हवर चालतात आणि जो आधी भरेल तो अडवतो. वापरणाऱ्याला मात्र दोन्हीकडून एकच निरोप मिळतो: जागा नाही. ड्राइव्हवर 400 जीबी मोकळे दिसत असताना एखादी ताई "सेव्हच होत नाहीये हो" म्हणाली, तर डिस्कला दोष देण्याआधी दोन्हीकडे डोकावून बघायचं. आणि ड्राइव्ह एनटीएफएसऐवजी रीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर यातलं काहीच चालणार नाही, दोघांनाही एनटीएफएसच लागतं.

मग डिस्क कोटा घ्यायचाच नाही का? कॉलेजच्या लॅबमध्ये घ्यावा. तिथे पोरं ड्राइव्हवर वाटेल तिथे फाईली टाकतात, आणि माणशी 2 जीबी, कुठेही ठेवा, हाच नियम हवा असतो. तिथे फोल्डर मोजून काही हाती लागत नाही.

टिळक रोडवर प्रकार उलटा होता. बावधनच्या एका बंगल्याच्या फोल्डरमध्ये पाच जणांची ड्रॉइंग होती. माणशी मर्यादा लावली असती तर पाचही जण आपापल्या हद्दीत राहिले असते आणि फोल्डर फुगतच गेला असता. वर ज्याच्याकडे मोठी प्रोजेक्ट्स, त्याचंच काम आधी अडलं असतं. मी एफएसआरएम टाकला, प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरवर ऑटो अप्लायने सॉफ्ट कोटा लावला आणि दोन आठवडे कुणालाच काही बोललो नाही. मग मोठ्या फाईलींचा रिपोर्ट काढला. ड्रॉइंगच्या फाईलींनी फारशी जागा खाल्लीच नव्हती. क्लायंटला दाखवायचे वॉकथ्रूचे, म्हणजे इमारतीतून फिरवून आणणारे, व्हिडिओ प्रत्येक बदलानंतर नव्याने रेंडर व्हायचे आणि जुने तिथेच राहायचे. 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल नक्की'. ते बाहेरच्या डिस्कवर हलवले, आणि त्यानंतरच हार्ड कोट्याचा आकडा ठरवायला मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन बसलो.