जावातलं अनसेफ: 'वापरू नका' म्हणून कुणी ऐकलं नाही त्याची गोष्ट

सन.मिस्क.अनसेफ हा मेमरीला थेट हात घालू देणारा क्लास जेडीकेच्या (जावाच्या अधिकृत डेव्हलपमेंट किटच्या) आतल्या कामासाठी होता. कंपाइल करताना वॉर्निंग यायची की हा इंटर्नल एपीआय (फक्त आतल्या कोडने वापरायच्या मेथड्स) आहे, कधीही काढू. बाहेरच्या कोडने गेटअनसेफ कॉल केलं की सिक्युरिटी एक्सेप्शन, मग लोकांनी रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्राममधून क्लासच्या आत डोकावायची सोय) 'दअनसेफ' हे प्रायव्हेट फील्ड उघडलं, दोन-चार ओळींत काम फत्ते. उगाच नाही केलं हो कुणी, हीपबाहेरची (जावा स्वतः सांभाळते त्या भागाबाहेरची) मेमरी हवी तर त्यासाठीच्या बाइटबफर क्लासचा इंडेक्स ३२ बिटी इंट, म्हणजे एका बफरला २ जीबीची मर्यादा, आणि बाकीचे पर्याय एकतर नव्हते नाहीतर हळू होते.

२०१५ च्या सुमारास कळलं की जावा ९ च्या मॉड्यूल सिस्टिममध्ये (कोडचे गट करून कुठला भाग बाहेर दिसेल ते ठरवणारी व्यवस्था) हे सगळं कुलूपबंद होणार, आणि मग जी खडाजंगी झाली! एका बाजूचं म्हणणं, वॉर्निंग वर्षानुवर्षं देतोय, आता रडू नका. दुसऱ्या बाजूचं, पर्याय न देता दार लावलंत तर निम्म्या लायब्ऱ्या झोपतील. शेवटी तडजोड झाली: ज्याला पब्लिक पर्याय आहे ते बंद (डेटा मजकुराच्या रूपात लिहिणारा जुना बेस६४एन्कोडर असाच गेला, जावा ८ मध्ये रीतसर बेस६४ आलं होतं), ज्याला नाही ते जेडीके.अनसपोर्टेड नावाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे सपोर्ट नाही पण सगळ्यांना खुलं. यावर लोक हसले, पण माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला हाच एक शहाणा निर्णय होता. आधी पर्याय, मग बंदी, हा क्रम तिथून पक्का झाला.

बाकी आतल्या पॅकेजेसवरचं रिफ्लेक्शन जावा ९ मध्ये नुसत्या वॉर्निंगवर चालू ठेवलं, १६ मध्ये डिफॉल्ट नकार, १७ मध्ये तो नकार उठवणारा कमांडलाइन फ्लॅगच निकामी. मेमरीचा नवा एपीआय २२ मध्ये, मार्च २०२४ ला, पक्का झाला आणि लगेच २३ मध्ये अनसेफच्या मेमरीवाल्या मेथड्स डेप्रिकेट, म्हणजे पुढे काढणार असं जाहीर. २४ पासून रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालतानाही वॉर्निंग.

प्रयोगातल्या गोष्टींना आता वेगळी शिस्त आहे. प्रिव्ह्यू फीचर (अजून पक्कं न झालेलं भाषेतलं वा एपीआयमधलं फीचर) वापरून कंपाइल केलेली क्लास फाइल त्याच व्हर्जनवर चालते, तीही फ्लॅग दिला तरच. इन्क्युबेटर मॉड्यूल, म्हणजे चाचणीसाठी दिलेला कच्चा एपीआय, मुद्दाम अॅड करावं लागतं. तरी व्हेक्टर एपीआय (एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणारा) २०२१ पासून इन्क्युबेटरमध्येच रखडलाय आणि एक मोठी सर्च लायब्ररी तो वापरतेसुद्धा, फक्त आधी जेडीकेचं व्हर्जन तपासते आणि ओळखीचं नसेल तर साध्या कोडवर येते.