खजुराचे लाडू: पाकाचं काम करणारं फळ

रव्याच्या लाडवाला पाक लागतो, डिंकाच्या लाडवाला गूळ आणि तूप. खजूर-सुकामेव्याच्या लाडवाला यातलं काहीच लागत नाही, गॅससुद्धा पेटवावा लागत नाही, कारण त्याचा पाक झाडावरच तयार झालेला असतो. मऊ जातीचा खजूर पिकताना त्यातलं इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवतं. या दोन साखरा एकत्र असल्या की सहजी कणी धरत नाहीत. थोड्याशा पाण्यात विरघळून त्या दाट आणि चिकट राहतात. बाजारातल्या साध्या खजुराच्या 100 ग्रॅम गरात पाणी साधारण 20 ग्रॅम आणि साखर 65 ते 70 ग्रॅम असते. लाडू वळण्यासाठी याहून जास्त ओल लागत नाही.

म्हणूनच खजूर पाण्यात किंवा दुधात भिजवून घेण्याचा सल्ला चुकीचा आहे. खजुरातलं पाणी साखरेने बांधून ठेवलेलं असतं, जिवाणूंना आणि बुरशीला ते सहज वापरता येत नाही. वरून पाणी घातलं की हे संरक्षण सैल पडतं, आणि दुधाचा लाडू तर दोन दिवसांत आंबतो. खजूर कडक असेल तर डब्यात घालून झाकण घट्ट लावावं आणि डबा दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवावा. तेवढ्याने गर मऊ होतो.

वीस लाडवांसाठी बिया काढलेला खजूर 200 ग्रॅम, बदाम 80, काजू 50, अक्रोड 30, तीळ 20, सुक्या खोबऱ्याचा कीस 20 ग्रॅम, अर्धा चमचा वेलची पूड आणि चिमूटभर मीठ घ्यावं. म्हणजे खजूर आणि बाकीचं सगळं वजनाने जवळपास सारखंच. पेटीत मिळणारा ओलसर काळा खजूर असेल तर 160 ग्रॅम पुरतो, कारण त्यात पाणी साध्या खजुराच्या दीडपट असू शकतं. खारीक इथे चालत नाही, तिच्यात चिकटायला पाणीच उरलेलं नसतं.

प्रत्येक खजूर उभा फाडून आत बघावं, हे टाळू नये. आत काळी भुकटी किंवा कीड दिसली तर तो टाकून द्यावा. सालीवरचे पांढरे खडे मात्र बहुतेकदा साखरेचे असतात. कोमट केल्यावर ते विरघळतात, बुरशी विरघळत नाही.

आधी सुकामेवा मिक्सरमध्ये थांबून थांबून, दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी जाडसर भरडावा. इथेच सगळ्यात जास्त लाडू बिघडतात. बदामात निम्मं, तर अक्रोडात जवळजवळ दोन तृतीयांश तेल असतं. सलग फिरवलं की पेशी फुटतात, घर्षणाने भांडं तापतं आणि तेल बाहेर येतं. मग मिश्रण ओशट होऊन हातातून निसटतं. त्यावर उपाय म्हणजे दोन चमचे खोबऱ्याचा कीस घालून मिश्रण पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवणं. चवीसाठी बदाम भाजून घेतले असतील तर ते पूर्ण गार झाल्यावरच भरडावेत.

भरड काढून ठेवावी. नुसता खजूर फिरवला तर त्याचा गोळा पात्याला अडकून मोटर तापते, म्हणून त्यात मूठभर भरड घालूनच तो वाटावा. मग परातीत सगळं एकत्र करून पाच मिनिटं तळहाताने दाबून मळावं. लाडू फुटत असेल तर खजूर नीट वाटला गेलेला नाही असं समजावं. आणखी मळावं, तरी जमलं नाही तर आणखी दोन खजूर वाटून घालावेत.

या लाडवांना ‘शुगर-फ्री’ म्हणणं मात्र थांबवायला हवं, विशेषतः घरात मधुमेही असतील तर. वरून साखर घातलेली नाही एवढंच खरं. 20 ग्रॅमच्या एका लाडवात खजुराची सहा-सात ग्रॅम साखर आणि सुमारे 85 ते 90 कॅलरी येतात. सोबत तंतू, प्रथिनं आणि चांगली स्निग्धंही मिळतात, त्यामुळे पेढ्यापेक्षा हा लाडू नक्कीच उजवा. पण एक लाडू, तीन नव्हेत. लहान मुलांसाठी सुकामेवा बारीक करावा, अख्खे तुकडे घशात अडकतात.

घट्ट झाकणाच्या डब्यात हे लाडू आठवडाभर बाहेर आणि महिनाभर फ्रीजमध्ये टिकतात. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, ते बाहेर ठेवूच नयेत, कारण फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेतं आणि लाडू पाझरतात. फ्रीजमधून लागतील तेवढेच काढावेत. गार लाडवांवर धरलेलं दव पुन्हा डब्यात गेलं की बुरशीला हवं असलेलं पाणी तिला मिळतं. सगळ्यात आधी खवट होतो तो अक्रोड, त्यातल्या ओमेगा-3 तेलावर प्राणवायूची क्रिया लवकर होते. जास्त दिवस ठेवायचे असतील तर अक्रोडाऐवजी बदामच वाढवावेत.