आंत्रछेदनानंतर लहान आतड्याची हालचाल

लहान आतड्याचा खराब झालेला भाग काढून उरलेली टोके जोडली की आतड्याच्या हालचालीची लय, वेग आणि कधीकधी दिशाही बदलते. इलियमच्या (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) टोकाला क्षयरोगाने आलेला अरुंदपणा, टायफॉइडने पडलेले छिद्र, हर्नियात अडकून काळे पडलेले वेटोळे, आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी ही आपल्याकडे अशा शस्त्रक्रियेची नेहमीची कारणे. विदर्भातले असे कितीतरी रुग्ण पोट फुगलेल्या अवस्थेत नागपूरच्या ‘मेडिकल’ला किंवा ‘मेयो’ला, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयांत, पोहोचतात.

निरोगी आतड्यात ग्रहणीजवळ (जठरानंतरच्या पहिल्या भागाजवळ) मिनिटाला सुमारे १२ विद्युत लहरी उठतात, तर इलियमच्या शेवटी ८ ते ९. त्या आतड्याच्या भिंतीतल्या, लय ठरवणाऱ्या काहाल पेशींमधून निघतात. पोट रिकामे असताना दर ९० ते १२० मिनिटांनी एक जोरदार लाट वरून खाली सरकते आणि उरलेसुरले अन्न, जंतू झाडून नेते. जेवले की ही झाडलोट थांबते आणि घुसळण सुरू होते.

आतडे कापताना त्याच्या भिंतीतले मज्जाजाळेही कापले जाते. त्यामुळे झाडलोटीची लाट सुरुवातीला जोडाशी येऊन अडते आणि जोडाखालचा भाग स्वतःच्या संथ लयीत चालू लागतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मज्जातंतू पुन्हा वाढून लाट जोड ओलांडू लागायला काही आठवडे ते महिने गेलेले दिसले आहेत. याहून वेगळी गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे तात्पुरते आंत्रशैथिल्य, म्हणजे आतड्याची चाल काही काळ थंडावणे. त्यातून लहान आतडे बहुधा २४ तासांत सावरते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठ्या आतड्याला दोन-तीन. पोटॅशियम घसरले किंवा अफूवर्गीय वेदनाशामके जास्त झाली की हे लांबते. स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या गुडगुडीवर फार विसंबू नये. वारा सरणे आणि तोंडाने घेतलेले पोटात टिकणे ही खरी खूण.

पुढचे सगळे किती कापले याइतकेच कुठले कापले यावर ठरते. घरच्यांना फक्त ‘दोन फूट काढलं’ एवढेच सांगितले जाते, ते पुरत नाही. जेजुनम (ग्रहणी आणि इलियम यांमधला भाग) गेले तर इलियम पुष्कळ भरून काढते. त्याचा आतला थर वाढतो, चाल मंदावते. इलियम गेले तर जेजुनम मात्र सहसा तसे भरून काढत नाही. न पचलेली चरबी इलियमपर्यंत आली की पीवायवाय आणि जीएलपी-१ ही संप्रेरके सुटतात आणि जठर व वरचे आतडे सावकाश चालते. हा आतड्याचा ब्रेक. इलियम गेले की तो सुटतो, आणि जेवण झाल्या झाल्या शौचाला पळावे लागते. मोठे आतडे जोडलेले राहिले असेल तर तेही पीवायवाय सोडते, म्हणून त्या रुग्णांचे थोडे निभते. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची इलिओसीकल झडपही काढली असेल तर मोठ्या आतड्यातले जंतू वर चढण्याची भीती असते. इलियमचा शेवट ६० सेंमीपेक्षा जास्त गेला असल्यास बी-१२ ची इंजेक्शने बहुधा आयुष्यभर लागतात. १०० सेंमीपेक्षा कमी भाग गेला असेल तर जुलाब मुख्यतः शोषले न गेलेल्या पित्तक्षारांमुळे (चरबी पचवायला मदत करणाऱ्या पित्तातल्या क्षारांमुळे) होतात. त्याहून जास्त गेला तर पित्तक्षारांचा साठाच अपुरा पडतो आणि शौच तेलकट होते. उरलेले आतडे २०० सेंमीहून कमी असेल तर त्याला लघुआंत्र म्हणतात. त्याचे जुळवून घेणे एक-दोन वर्षे चालते.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची होते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना जुलाब होणाऱ्या माणसाला घरचे मायेने तांब्यावर तांबे पाणी आणि संत्र्याचा रस पाजतात. जेजुनमचे टोक पोटावर बाहेर काढून तिथे पिशवी लावलेली असेल तर हे घातक ठरते. साध्या पाण्यात आणि रसात सोडियम जवळजवळ नसते. मग रक्तातले सोडियम आतड्यात ओढले जाते, पिशवी आणखी भरते आणि तहान वाढते. अशांनी साधे पाणी, चहा, रस मिळून दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवावे आणि बाकी तहान मिठाच्या द्रावणावर भागवावी: १ लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, वजन करून, दिवसभर घोट घोट. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. लघवी दिवसाला ८०० मिलिपेक्षा कमी होऊ लागली तर पाणी-मीठ पुरत नाही असे समजावे.

चाल मंदावण्यासाठी लोपेरामाइड २ ते ४ मिग्रॅ जेवणाआधी अर्धा तास देतात. जेवणानंतर घेतलेली गोळी उशिरा पोहोचते. मात्र पोटात कळा येऊन उलट्या सुरू झाल्या आणि वारा सरणे बंद झाले, तर तो चिकटलेल्या आतड्याचा अडथळा असू शकतो. तेव्हा गोळी बंद करून, तोंडाने काहीही न देता लगेच रुग्णालय गाठावे.