पार्ट सगळे प्रमाणित, मग पॅनेल का नाही?

कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलचं दार उघडलं की आत बहुतेक वेळा नीटनेटका संसार दिसतो. वर मेन ब्रेकर, मधल्या रेलवर कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की मोटरचा पुरवठा जोडणारे स्विच), खाली वायरी जोडायच्या टर्मिनलची ओळ, प्रत्येक वायरला नंबराचं फेरूल. एकेका वस्तूवर कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेचा शिक्का असतो. तपासणीला आलेला माणूस मात्र हे सगळं सोडून आधी नेमप्लेटवर एक आकडा शोधतो: शॉर्टसर्किट झालं तर हे पॅनेल किती करंट सोसेल? आकडा किलोअँपिअरमध्ये असतो; कामावरचे लोक नुसतं ‘केए’ म्हणतात.

बऱ्याचदा तिथे ५ लिहिलेलं असतं आणि मग वाद सुरू होतो. “अहो, मेन ब्रेकर ६५ केएचा घातलाय!” हे मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली उत्तर द्यायच्या आधी सरळ आतला सगळ्यात छोटा कॉन्टॅक्टर दाखवतो.

शॉर्टसर्किटचा करंट मोटरच्या करंटवर ठरत नाही. तो ठरतो मागच्या ट्रान्सफॉर्मरवर. १००० केव्हीएचा, ४०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण लोडवर साधारण १४४० अँपिअर देतो. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, ५ टक्के असेल, तर त्याच्या टर्मिनलवरच शॉर्ट झाल्यावर याच्या वीसपट, म्हणजे जवळपास २९ केए वाहू शकतात. मधली केबल लांब असेल तर आकडा उतरतो, पॅनेल ट्रान्सफॉर्मरला खेटून असेल तर फारसा उतरत नाही. पॅनेलमधली मोटर ४० अँपिअरची आहे की ४ची, याच्याशी त्या २९ केएला काही देणंघेणं नसतं.

एवढा करंट नेमकं काय करतो? उष्णता आहेच, पण त्याआधी तो ढकलतो. शेजारशेजारच्या दोन वाहकांतून करंट गेला की त्यांच्यात चुंबकीय बल निर्माण होतं, आणि ते करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तांब्याच्या दोन बसबार, म्हणजे पॅनेलभर वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या, एकमेकींपासून १० सेंटिमीटरवर आहेत असं धरू. १० केएचा शॉर्ट झाला, तर पहिल्या लाटेचं शिखर १७ केएपर्यंत जातं आणि दर मीटरला साधारण ५९ किलो वजनाएवढा जोर बसतो. दोन माणसं बार धरून ओढतायत, इतपत. आता ५० केए घ्या. शिखर १०५ केए, आणि जोर मीटरला सव्वादोन टन! करंट पाचपट झाला, शिखर सहापटीहून जास्त, म्हणून जोर अडतीसपट. तोही स्थिर नाही, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होणारा. म्हणून बसबारचे सपोर्ट किती अंतरावर आहेत हे टेप लावून मोजलं जातं, आणि ड्रॉइंगपेक्षा एक सपोर्ट कमी निघाला तर गोष्ट तिथेच थांबते.

कॉन्टॅक्टरच्या बाबतीत गंमत अशी की हाच जोर त्याचे बंद काँटॅक्ट उचलून उघडतो. मध्ये आर्क पेटतो, चांदीच्या मिश्रधातूचे तुकडे वितळतात आणि परत टेकताना एकमेकांना चिकटतात. यानंतर स्टॉपचं बटन दाबूनही मोटर थांबेलच असं नाही.

अमेरिकेतल्या यूएल ५०८ए या मानकाने यावर जो नियम ठरवला तो जरा निष्ठुर आहे, पण मला पटतो. पॉवर सर्किटमधल्या प्रत्येक पार्टचं रेटिंग लिहून काढायचं. त्यातलं सगळ्यात छोटं ते अख्ख्या पॅनेलचं. पार्टवर काहीच छापलेलं नसेल तर मानक स्वतः आकडा देतं: टर्मिनल ब्लॉकला १० केए, साध्या स्विचला ५, ५० अश्वशक्तीपर्यंतच्या मोटर कंट्रोलरला ५. म्हणजे ६५चा ब्रेकर, १००चे फ्यूज आणि एक बिनआकड्याचा कॉन्टॅक्टर मिळून पॅनेल ५चं. अमेरिकेच्या विद्युत संहितेने २००५च्या आवृत्तीपासून हा आकडा पॅनेलवर छापणं सक्तीचं केलं. जागेवर उपलब्ध असलेला फॉल्ट करंट त्याहून जास्त असेल, तर ते पॅनेल तिथे बसवता येत नाही.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. एक, करंट-लिमिटिंग फ्यूज. हा शॉर्टची पहिली लाट शिखरावर पोचायच्या आतच तोडतो, त्यामुळे पुढच्या पार्टच्या वाट्याला खरा फटका येतच नाही. साधा ब्रेकर इतका चपळ नसतो, म्हणून तो स्वतः कितीही दणकट असला तरी पुढच्यांचं रेटिंग वाढवत नाही. दुसरा मार्ग म्हणजे ठरावीक ब्रेकर आणि ठरावीक कॉन्टॅक्टर यांची जोडी, उत्पादकाने एकत्र प्रयोगशाळेत शॉर्ट करून पाहिलेली. इथे मॉडेल नंबरमधलं शेवटचं अक्षरसुद्धा जुळावं लागतं.

यूएल ५०८एमधलं ‘यूएल’ म्हणजे अंडररायटर्स लॅबोरेटरीज. या प्रयोगशाळेचा जन्मही आगीच्या भीतीतूनच झाला. १८९३मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेच्या दिव्यांचा लखलखाट होता आणि विमा कंपन्यांना धास्ती होती. वायरिंग बघायला आलेल्या विल्यम मेरिल या तरुण अभियंत्याने पुढच्या वर्षी चाचण्यांचं काम सुरू केलं. नावातले ‘अंडररायटर्स’ म्हणजे विमेकरीच.

जगात इतरत्र चालणारं आयईसी ६१४३९ हे आंतरराष्ट्रीय मानक जास्त भर देतं तापण्यावर. खोलीचं सरासरी तापमान ३५ अंश धरून कुठला भाग त्याहून किती वर जाऊ शकतो, हे त्यात ठरलेलं आहे. बाहेरची केबल जोडायच्या टर्मिनलला ७० अंशांची मुभा, म्हणजे ते चक्क १०५पर्यंत चालतं. हाताने फिरवायच्या धातूच्या हँडलला मात्र फक्त १५, आणि प्लॅस्टिकच्या हँडलला २५. हा फरक का? धातू त्वचेत उष्णता भराभर ओततो, प्लॅस्टिक रेंगाळत देतं.

ही परीक्षा कागदावर वाटते त्याहून अवघड आहे. ३० किलोवॅटचा एक व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण, साधारण ३ टक्के ऊर्जा उष्णतेत घालवतो. म्हणजे बंद पेटीत ९०० वॅटची इस्त्री दिवसभर चालू ठेवल्यासारखं. पंखा लावायला भोक पाडलं की धुळीपाण्यापासूनचं संरक्षण घसरतं, भोक बुजवलं की आत भट्टी. पॅनेल डिझायनरचं निम्मं आयुष्य या भांडणात जातं.

यात एखादा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा बोल्टने आवळायचा जोड, सैल राहिला असेल तर बघायलाच नको. जोडाचा रोध नुसता २ मिलिओहम झाला आणि त्यातून २०० अँपिअर गेले, तर त्या एका बोल्टखाली ८० वॅट, चांगल्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. म्हणूनच टॉर्क रेंचने आवळल्यावर वायरमन बोल्टवर मार्करची रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हललाय हे कळतं.

शेवटच्या चाचण्या त्यामानाने झटपट आटपतात. ३०० ते ६९० व्होल्टच्या गटातल्या पॅनेलला १८९० व्होल्ट एक सेकंदभर, आणि दारापासून अर्थच्या बारपर्यंत किमान १० अँपिअर सोडून रोध ०.१ ओहमच्या आत आहे ना, एवढं पाहणं. दाराला अर्थची वेणी लावली, पण खालचा रंग खरवडला नाही, ही चूक इथे हमखास सापडते.

लेबल लागलं, पॅनेल कारखान्यात गेलं. पुढे कधीतरी रात्रपाळीत कॉन्टॅक्टर जळतो. स्टोअरमध्ये दुसऱ्या कंपनीचा मिळतो, तोही ४० अँपिअरचा, कॉइलही त्याच व्होल्टची. वीस मिनिटांत लाइन सुरू, सगळे खूश. ब्रेकरसोबत जोडी जमवून चाचणी दिलेला कॉन्टॅक्टर होता तो जुना. नव्याचं एकट्याचं रेटिंग ५, आणि दारावर अजून ६५. त्यामुळे बदली पार्ट मागवताना मी कॅटलॉगमधलं अँपिअरचं पान नंतर बघतो. आधी मागची, ब्रेकर-कॉन्टॅक्टरच्या जोड्यांची कोष्टकं उघडतो.