अ‍ॅव्हरेज खातं कोण: ऊन, सिग्नल की वारा?

"काय देऊन राहिली गाडी?" हा प्रश्न नागपुरात पानठेल्यावर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, एवढंच काय लग्नाच्या मांडवातही विचारला जातो. उत्तरही ठरलेलं, दुचाकी लिटरला किती किलोमीटर जाते त्या एका आकड्याचं: साठ, पासष्ट, "पंचावन्नच्या खाली येतच नाही भाऊ". तो आकडा जणू आरसी बुकात इंजिन नंबरच्या शेजारी छापलेला असावा. खरं तर तीच गाडी एकाच आठवड्यात सीताबर्डी-सदरच्या गर्दीत ४५ आणि रामटेकच्या रस्त्यावर ६५ देऊ शकते, आणि दोन्ही आकडे खरे असतात. मे महिन्यात आकडा घसरला की मात्र आरोपी आधीच पकडलेला असतो. ऊन! "पेट्रोल उडून जाते ना उन्हानं." ज्या शहराने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत, त्याने उन्हावर संशय घेतला तर नवल नाही. पण हिशेब मांडून बघितला की ऊन जवळजवळ निर्दोष सुटतं.

हिशेब सोपा आहे. शंभर सीसीची नेहमीची गाडी घ्या, वजन ११० किलोच्या आसपास. वर ७० किलोचा माणूस. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना इंजिनला दोनच गोष्टींशी झुंजायचं असतं: टायरचं दबणं-फुलणं आणि समोरची हवा. टायरचा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही, तो ३० न्यूटन (न्यूटन हे जोर मोजायचं एकक) धरू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताठ बसलेल्या चालकासकट ४० च्या वेगाला तो ३७ न्यूटनच्या आसपास असतो, ६० ला ८४ आणि ८० ला दीडशे. त्यासाठी चाकापाशी लागणारी ताकद काढली तर ४० ला जेमतेम एक एचपी, ६० ला अडीच आणि ८० ला पाचाच्या वर. ज्या इंजिनची एकूण ताकद आठ एचपी, त्याला ८० ला पळवणं म्हणजे काय, ते यावरून समजावं.

आता पेट्रोलची बाजू. एक लिटर शुद्ध पेट्रोल जाळलं की साधारण ३२ हजार किलोज्यूल उष्णता निघते. ४० च्या वेगाने एक किलोमीटर जायला चाकाला लागतात ६७ किलोज्यूल. सरळ भागाकार केला तर लिटरला पावणेपाचशे किलोमीटर यायला हवेत! येत नाहीत, कारण शंभरातले ऐंशीच्या आसपास भाग सायलेन्सरमधून गरम धूर होऊन, इंजिनच्या अंगातून आणि आतल्या घर्षणात निघून जातात. हलक्या कामावर इंजिन आणखी उधळं असतं: अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढायलाच त्याला मेहनत पडते. म्हणून वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, पण इंजिन ठोकायला लागणार नाही एवढ्या बेताने चालवलेली गाडी चांगलं अ‍ॅव्हरेज देते. दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत जाणारी देत नाही.

इथवर रस्ता मोकळा होता. शहरात खरा खर्च होतो तो थांबण्यात.

गाडी ५० च्या वेगात आहे आणि सिग्नल लाल झाला. या क्षणी गाडी आणि माणूस मिळून साधारण १७ किलोज्यूल गतिज ऊर्जा घेऊन चाललेत, आणि ती पेट्रोल जाळूनच मिळवलेली आहे. ब्रेक दाबला की ती सगळी ब्रेक शू आणि ड्रमच्या उष्णतेत जाते, परत काही मिळत नाही. तेवढ्याच ऊर्जेत ५० च्या वेगाने आणखी २०० मीटर जाता आलं असतं. म्हणजे असे पाच सिग्नल लागले की एक किलोमीटर फुकट गेला. याचंच दुसरं रूप बघा. ५० च्या वेगातली ऊर्जा आणि जवळपास १० मीटर उंचीवर चढवलेल्या गाडीतली ऊर्जा सारखीच भरते, वजन कितीही असो. दर लाल दिव्याला आपण गाडी तिसऱ्या मजल्यावर चढवतो आणि तिथून ढकलून देतो.

वर्धा रोडवर हे डोळ्यांनी बघता येतं. तिथे खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या डबल डेकर पुलाची २०२२ मध्ये गिनीजमध्ये नोंद झाली. पुलावर चढताना गाडी दमते, पिळावं लागतं, म्हणून "पुलावरून पेट्रोल जास्त जाते" असं म्हणणारे भेटतात. चढ १० मीटरचा धरला, तर तो एका ब्रेकच्या किमतीचा झाला. शिवाय ती किंमत उतारावर बरीचशी परत मिळते, कारण उतरताना एक्सलरेटर सोडला तरी गाडी चालते. खालच्या चौकात खर्च झालेलं मात्र परत येत नाही. खाली दोनदा थांबावं लागलं तरी पूल स्वस्त.

उतारावर काही जण गाडी न्यूट्रलला टाकतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडा अर्थ होता. २०२० पासून आलेल्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे, आणि त्यात गाडी गिअरमध्ये असून एक्सलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोलचा फवारा बंद करायची सोय सहसा असते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन सुरू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळत राहतं. इंजिनचा ब्रेक हातून जातो तो वेगळाच.

दुरून लाल दिवा दिसला की एक्सलरेटर सोडून द्यायचा आणि गाडी रेंगाळत न्यायची, ही सवय पेट्रोलमध्ये टाकायच्या कुठल्याही अ‍ॅडिटिव्हच्या बाटलीपेक्षा जास्त पेट्रोल वाचवते. आपल्याकडे बहुतेक चौकांत सेकंद मोजणारे आकडे आहेत. लालचे ४० सेकंद उरले असताना जोरात जाऊन झेब्रा क्रॉसिंगवर उभं राहणाऱ्याला नेमकं काय मिळतं, हे मला आजवर कळलेलं नाही. मागे डबलसीट असेल तर हा खर्च वाढतो. ६० किलोचा माणूस मागे बसला की हायवेवर ६० च्या वेगाला विरोध नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतो, पण प्रत्येक थांब्याला वाया जाणारी ऊर्जा एकतृतीयांशाने वाढते. डबलसीटचा खरा दंड शहरातच भरावा लागतो.

उभ्या गाडीचं पेट्रोल त्यामानाने कमी जातं, मिनिटाला दोन-तीन मिलिलिटरच्या घरात. पण साठच्या अ‍ॅव्हरेजला एक किलोमीटर म्हणजे १७ मिलिलिटर, तेव्हा दीड-दोन मिनिटांच्या चार सिग्नलांवर इंजिन चालू ठेवलं की पुन्हा किलोमीटरभराचं पाणी. मे महिन्यात सिग्नलवर हिरव्या जाळ्यांच्या सावलीत उभे असतो, तेव्हा बंद करायला हरकत नसावी. निदान शेजारच्याच्या पायाला झळ लागणार नाही.

आता उन्हाचा खटला. टाकी बंद असते आणि बीएस-६ गाडीत टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात अडकवून नंतर इंजिनलाच पाजली जाते, त्यामुळे "उडून जाणं" नगण्य. पेट्रोल प्रसरण मात्र पावतं: दर अंशाला हजारात एक भागाच्या किंचित खाली. सकाळी गळ्यापर्यंत भरलेली दहा लिटरची टाकी उन्हात २० अंशांनी तापली तर दोनशे मिलिलिटरच्या आसपास जागा जास्त लागते. झाकणाशी ओल दिसते ती याची. मे महिन्यात टाकी फुल करून गाडी उन्हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी थंड पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं, या समजुतीतही दम नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान सकाळ-दुपारीत फारसं हलत नाही.

गंमत अशी की ऊन उलट मदत करतं. गरम हवा विरळ असते. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश, यात हवेची घनता अकरा टक्क्यांनी घटते, आणि समोरचा विरोधही तेवढाच. थंड इंजिनला सुरुवातीला जास्तीचं पेट्रोल पाजावं लागतं, तेही उन्हाळ्यात जवळपास टळतं. महालातून इतवारीपर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याची गाडी जानेवारीत धड तापतच नाही. त्याचं अ‍ॅव्हरेज खरं तर हिवाळ्यात पडायला हवं.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, ती टायरात. ऑक्टोबरच्या दुपारी ३५ अंशांत २८ पीएसआय हवा भरली आणि नंतर बघितलीच नाही, तर डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे, एक कणही गळलेला नसताना, काटा साडेचोवीसच्या आसपास येतो. टायर जास्त दबतो, जास्त खातो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो, हा आपल्याकडचा सल्ला तर सरळ उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त वाकतो म्हणून जास्त तापतो, आणि फुटायला तेच निमित्त पुरतं. कंपनीने सांगितलेली हवा थंड टायरात, सकाळी पंधरवड्याला एकदा. विषय संपला.

टायर बघतच आहात तर गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. चार-दोन फेऱ्या मोकळं फिरलं तर ठीक. एकाच ठिकाणी घस्स आवाज करून अडलं तर ब्रेक शू चिकटतोय. चेन ताठ आणि कोरडी असेल तर चाक फिरताना कुरकुरतं, आणि हाताला ते ऐकू येण्याआधी जाणवतं. हा विरोध पाच न्यूटनचा जरी असला तरी ४० च्या वेगाला तो सात टक्के झाला. साठचं अ‍ॅव्हरेज छप्पनवर येईल आणि आपण पंपवाल्याला शिव्या घालत बसू.

पेट्रोल स्वतःही बदललंय, हे खरं. २०१४ मध्ये त्यात दीड टक्का इथेनॉल होतं, आज वीस टक्के आहे. नागपूरचे खासदार नितीन गडकरी त्याचे मोठे पुरस्कर्ते, त्यामुळे इथल्या पानठेल्यांवर हा विषय जरा जास्तच रंगतो. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश उष्णता असते, म्हणजे मिश्रणात उष्णता सहा-सात टक्क्यांनी कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दुचाकींसाठी अ‍ॅव्हरेजमधली घट तीन ते चार टक्के धरली होती. साठच्या गाडीला ते दोन-अडीच किलोमीटर. "इथेनॉलमुळे साठची चाळीस झाली" म्हणणाऱ्याने आधी ब्रेक शू तपासावा.

मुळात मोजणीतच घोळ असतो. शंभरचं पेट्रोल टाकून, संपेपर्यंत चालवून काढलेलं अ‍ॅव्हरेज कामाचं नाही, कारण शंभरात लिटर येतंच असं नाही, आणि टाकीत आधी किती होतं ते देवाला माहीत. मेन स्टँडवर टाकी गळ्यापर्यंत भरा, मीटर टिपून ठेवा, पाच-सहा लिटर जाळा, त्याच पंपावर पुन्हा मेन स्टँडवर तेवढीच भरा. भरण्यात १०० मिलिलिटरचा फरक पडला तरी पाच लिटरवर चूक दोन टक्क्यांची. एका लिटरवर तीच दहा टक्क्यांची होते. साइड स्टँडवर भरलं तर तिरक्या टाकीत पातळीच फसवते. कंपनीच्या आकड्याशी मात्र तुलना नको. तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या आराखड्यावर मिळतो, आणि त्या आराखड्यात व्हरायटी चौक नसतो.

राहिला वारा, आणि त्याच्यासोबत रेंज, म्हणजे उरलेल्या पेट्रोलवर किती लांब जाता येईल ते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, तेव्हा अमरावतीला जायचं तर बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव असा जुनाच रस्ता, दीडशे किलोमीटर, तोंड पश्चिमेला. जूनमध्ये मान्सूनचा वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे जवळजवळ समोरून. मीटर ६० दाखवत असताना १५ किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर हवेच्या लेखी आपण ७५ ने चाललोय. एकूण विरोध ११४ न्यूटनवरून १६० वर जातो. भार वाढला की इंजिन थोडं काटकसरी होतं, त्यामुळे पेट्रोल त्याच प्रमाणात वाढत नाही, तरी पाव-तृतीयांश भर पडतेच. परतताना तोच वारा पाठीला असतो आणि बरंचसं फेडतो. ज्या नव्या गाड्यांच्या मीटरवर "इतके किलोमीटर जाल" असा आकडा येतो, तो मागच्या काही किलोमीटरांवरून काढलेला असतो, पुढच्या वाऱ्यावरून नाही. वाडीच्या गर्दीतून बाहेर पडताना तो उगाच घाबरवतो आणि वारा सुरू होण्याआधी उगाच धीर देतो. पेट्रोलच्या साध्या काट्याचं दुखणं वेगळं. टाकीचा तळ फ्रेममुळे खोबणीसारखा असल्याने वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो आणि खालचा झपाट्याने. काटा अर्ध्यावर आला तेव्हा निम्मं पेट्रोल उरलंय असं समजून कोंढाळीचा पंप मागे टाकू नये.